ढगांआडचे धान आणि मोजक्या मापांचे चित्र

पूर्व विदर्भात धानाचा हंगाम आणि ढगांचा हंगाम एकच असतो. तिरोडा तालुक्यात मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकले जातात, आषाढ-श्रावणात बांध्यांत चिखलणी होऊन रोवणी उरकली जाते आणि भाद्रपद सरता सरता पीक निसवण्याच्या बेतात येते. वर्षाच्या बाराशे मिलिमीटरांहून अधिक पावसापैकी बहुतेक पाऊस याच काळात पडून जातो. तालुक्यात किती क्षेत्रावर रोवणी झाली, कोठे पाण्याअभावी पऱ्हे वाळले, कोठे वैनगंगेच्या पुराखाली उभे पीक बुडाले, हे प्रश्न तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत विचारले जातात ते नेमके या दिवसांत. आणि उत्तर आकाशातून मिळवावे म्हटले तर आकाशच झाकलेले असते.

पिकाखालील क्षेत्राची नोंद पूर्वी तलाठी शिवारात फिरून करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला. या नोंदींच्या जोडीला उपग्रहांची चित्रे आहेत. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ साली स्थापन झाले, तर दिल्लीचे महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ साली. २०२३ च्या खरिपापासून केंद्र शासनाने पीक विमा योजनेत भात व गहू या पिकांचे उत्पादन ठरविताना तंत्राधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याची ‘यस-टेक’ ही पद्धत आणली. आकाशातून घेतलेले चित्र म्हणजे केवळ नकाशाची शोभा, असे आता म्हणता येत नाही. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा किंवा न पडणारा पैसा काही अंशी त्यावर अवलंबून राहू शकतो. असे चित्र कसे तयार होते आणि त्यात चूक शिरली तर ती कोणत्या वाटेने शिरते, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनाही ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ढगांतून पाहणारा डोळा

साधा उपग्रह-कॅमेरा सूर्यप्रकाशावर चालतो. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ हा कॅमेरा एका जागी दर २४ दिवसांनी परततो. त्या दिवशी तिरोड्यावर ढग असले की पुढील पाळी २४ दिवसांनंतरची. तीही ढगाळ गेली तर रोवणीची सगळी अवस्था न टिपताच निसटते.

रडारला ही अडचण येत नाही. रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकते. त्यामुळे त्याला रात्र आणि दिवस सारखेच. काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगांना ढगांतील जलबिंदू अगदीच बारीक असल्याने ते तरंग ढगांतून आरपार जातात. भारताने २६ एप्रिल २०१२ रोजी रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हे रडार-उपग्रह सोडले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह गेला. सुमारे २,४०० किलो वजनाचा हा उपग्रह सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांनी त्याच वाटेने परततो आणि २४ सेंटिमीटर व सुमारे ९ सेंटिमीटर अशा दोन तरंगलांब्यांवर काम करतो.

धानाच्या बाबतीत रडारला निसर्गाचे एक चांगले साहाय्य लाभते. चिखलणी करून पाणी बांधलेली बांधी आरशासारखी गुळगुळीत असते. वरून तिरकस आलेला तरंग तिच्यावर आपटून पुढे निघून जातो, उपग्रहाकडे परतत नाही. म्हणून चित्रात ती बांधी काळी दिसते. पुढे रोपे फुटवे धरू लागली की तरंग पाणी व खोडे यांवर आपटून मागे फिरतात आणि तीच बांधी उजळत जाते. चोरखमारा किंवा बोदलकसा येथील तलाव मात्र काळाच राहतो. आधी काळे, मग उजळ, हा क्रम म्हणजे रोवणीच्या धानाची सहीच म्हणावी. अपवाद आवत्या पद्धतीने पेरलेल्या धानाचा. तेथे आरंभी पाणी साचविलेले नसते, ही सही उमटत नाही आणि ते क्षेत्र मोजणीतून सुटण्याचा धोका असतो.

प्रश्न आकाशकाचा, म्हणजे अँटेनाचा आहे. चित्र किती बारीक दिसेल हे अँटेना तरंगलांबीच्या मानाने किती लांब आहे यावर ठरते. ७४७ किलोमीटरांवरून २४ सेंटिमीटरांच्या तरंगाने १० मीटरांच्या वस्तू निराळ्या ओळखायच्या तर साधा हिशेब सुमारे १८ किलोमीटर लांबीचा अँटेना मागतो. तिरोडा ते गोंदिया हे अंतर ज्यांच्या पायाखालचे आहे, त्यांनी त्याच्या निम्म्याहून अधिक लांबीचा पत्रा अवकाशात तरंगत असल्याची कल्पना करून पाहावी! यावरचा तोडगा कार्ल वायली या अमेरिकी अभियंत्याने १९५१ मध्ये सुचविला. अँटेना लहानच ठेवावा. विमान वा उपग्रह पुढे सरकत असताना वाटेतील प्रत्येक ठिकाणचा प्रतिध्वनी नोंदून ठेवावा आणि नंतर गणिताने ते सारे जोडावेत, म्हणजे प्रवासाची लांबी हीच अँटेनाची लांबी ठरते. निसारचा १२ मीटर व्यासाचा जाळीदार परावर्तक याच तत्त्वावर काम करतो.

धातूचे काम गणिताकडे सोपविण्याची ही पहिली पायरी झाली. तरीही अवजड यंत्रणा उरतेच. तरंगाचा झोत हवा तसा वळवायचा तर शेकडो प्रेषक-ग्राहक घटक लागतात, त्यांना वीज लागते आणि त्यांचे वजन अवकाशात न्यावे लागते. मोजमापेच कमी केली तर? गेल्या वीस वर्षांतील संशोधन या प्रश्नाकडे वळले आहे, आणि त्याचे मर्म धान खरेदी केंद्राच्या काट्यावरही समजून घेता येते.

सात पोत्यांचा हिशेब

समजा, काट्याजवळ प्रत्येकी ४० किलोची सात पोती ठेवली आहेत. त्यांतील एखाद्या पोत्यात माल कमी असल्याचा संशय आहे. एकेक पोते तोलले तर सात वेळा तोलावे लागेल. पोत्यांवर १ ते ७ असे आकडे घालून पुढीलप्रमाणे तीनच तोल करावेत. पहिल्या तोलात ४, ५, ६, ७ ही पोती. दुसऱ्यात २, ३, ६, ७. तिसऱ्यात १, ३, ५, ७. प्रत्येक वेळी १६० किलो भरायला हवेत. पहिल्या तोलात तूट आली तर ४ हा आकडा लिहावा, दुसऱ्यात आली तर २, तिसऱ्यात आली तर १. आणि त्यांची बेरीज करावी. बेरीज ५ आली तर पाचवे पोते कमी. एकाही तोलात तूट नसेल तर सर्व पोती पूर्ण. किती किलो कमी आहे, तेही त्याच आकड्यांवरून कळते. याच रीतीने १,०२३ पोत्यांतील एक कमी पोते शोधण्यास दहा तोल पुरतात.

येथे जादू काही नाही. प्रत्येक पोते एकटे न तोलता आपण ठरविलेल्या गटांत मिसळून तोलले, आणि एक गोष्ट आधीच गृहीत धरली, ती ही की कमी भरलेले पोते फार तर एक असेल. ही माहिती बाहेरून आणली म्हणून चार तोल वाचले.

एमान्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग, टेरेन्स ताओ आणि डेव्हिड डोनोहो या गणितज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी या व्यवहारज्ञानाला भक्कम शास्त्राचे रूप दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या चित्रात महत्त्वाच्या गोष्टी थोड्या आणि बाकी बहुतेक रिते किंवा एकसारखे आहे, ते चित्र ठिपक्यागणिक मोजण्याची आवश्यकता नाही. ठिपक्यांची निरनिराळी मिश्रणे मोजावीत. ती ठिपक्यांच्या संख्येहून पुष्कळ कमी असली तरी चालतात, आणि मग त्या मोजमापांशी जुळणारे सर्वांत साधे चित्र गणिताने शोधून काढावे. आपल्या भ्रमणध्वनीतील कॅमेरा आधी सारे ठिपके टिपतो आणि मग साठवताना त्यांतील बरीचशी माहिती टाकून देतो. जे टाकूनच द्यायचे ते मोजायचे कशाला, असा या शास्त्राचा रास्त सवाल आहे. या पद्धतीस आपण संक्षिप्त प्रतिमाग्रहण म्हणू. रुग्णालयांतील एमआरआय तपासणीचा वेळ कमी करण्यासाठी ती वापरात आली असून अमेरिकेत २०१७ पासून तशा यंत्रांना मान्यता मिळाली आहे.

विशेष म्हणजे गट फार विचारपूर्वक पाडावे लागतात असेही नाही. पोती चिठ्ठ्या टाकून कशीही मिसळली तरी हिशेब बहुधा जुळतो, असे हे गणित सांगते. अट एकच की कोणत्या तोलात कोणती पोती होती याची यादी अचूक हवी. या ‘कशीही मिसळली तरी’चा अँटेनाशी काय संबंध आहे, ते पुढे येईल.

खोडद आणि पवई

या विचाराची दोन उत्तम उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पकतेतून साकारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. २५ किलोमीटर व्यासाची एकच तबकडी उभारणे अशक्यच. म्हणून तीसच तबकड्या आणि मध्ये सगळी शेते, गावे, रस्ते. तबकड्यांची प्रत्येक जोडी आकाशाचे एक मोजमाप देते. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि पृथ्वी फिरत असल्याने तासागणिक त्यांची दिशा बदलून मोजमापे वाढत जातात. तरीही ती अपुरीच असतात. त्यांतील रिकाम्या जागा भरून स्वच्छ चित्र मिळविण्याची एक रीत यान होगबोम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दिली, ती जगभरच्या रेडिओ दुर्बिणींवर रूढ झाली. तिच्या मुळाशी असलेले गृहीत पोत्यांच्या हिशेबातीलच आहे: आकाश बहुतेक रिकामे असून तेजस्वी बिंदू थोडे आहेत. शास्त्रज्ञांनी हे काम आधी केले आणि त्याचे पूर्ण गणित तीस वर्षांनी आले, असे म्हटले तरी चालेल.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत तपासणीची रसायने अपुरी पडत होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच जणांपर्यंतचे नमुने एकत्र करून तपासण्यास अनुमती दिली. गट निर्दोष निघाला तर पाच जण एका तपासणीत मोकळे. दोष आढळला तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी याच्या पुढे जाऊन प्रत्येकाचा नमुना अनेक गटांत मिसळण्याची आणि संक्षिप्त मोजमापांच्या गणिताने एकाच फेरीत बाधित व्यक्ती शोधण्याची पद्धत मांडली. परिषदेच्या सूचनेतील अट मात्र नीट ध्यानी घेण्याजोगी आहे. जेथे बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असेल, तेथे नमुने एकत्र करू नयेत, असे तीत सांगितले होते. बाधित थोडे असतील तरच ही काटकसर खरी. ते वाढले की गटांचा उपयोग संपतो.

तागाच्या पिळापासून तांब्याच्या कडीपर्यंत

आता अँटेनाकडे वळू. पदार्थाचा गुण त्याच्या रसायनातून येतो, असे आपण शाळेत शिकतो. काच प्रकाशाला वाकविते ती तिच्या अणुरेणूंमुळे. परंतु तरंगाच्या लांबीहून बरेच लहान असे आकार एखाद्या पृष्ठावर ओळीने मांडले, तर तरंगाला त्या आकारांचा वेगवेगळा बोध होत नाही. त्या सर्वांचा मिळून एक नवा पदार्थच त्याला भासतो. अशा रचित पदार्थांना आज मेटामटेरियल म्हणतात. नाव नवे असले तरी विचाराचे एक मूळ कलकत्त्यात आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली तेथे मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-तरंगांचे जाहीर प्रयोग केले. १८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून हे तरंग सोडून दाखविले की पीळ उजवा की डावा यावर तरंगाच्या कंपनाची पातळी कोणत्या बाजूस फिरते हे ठरते. ताग तोच, बदलला तो फक्त त्याचा आकार.

त्यानंतर १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी निसर्गात न आढळणाऱ्या प्रकाशीय गुणांचे गणित मांडले, १९९९ मध्ये इंग्लंडमधील जॉन पेंड्री यांनी खाच पाडलेल्या तांब्याच्या कड्यांनी असे गुण निर्माण करता येतील असे दाखविले आणि २००० साली डेव्हिड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तसा पदार्थ घडविला. खाच पाडलेली कडी ही एखाद्या घंटेसारखी असते. घंटा जशी आपल्या ठरावीक सुराला निनादते, तशी ही कडी आपल्या आकारानुसार एका ठरावीक वारंवारतेला जोराने प्रतिसाद देते.

स्मिथ यांच्याच ड्यूक विद्यापीठातील गटाने जानेवारी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात या घंटा आणि पोत्यांचा हिशेब एकत्र आले. त्यांनी तांब्याच्या एका पट्टीत सूक्ष्म आकारांची ओळ कोरली आणि प्रत्येक आकाराचा सूर थोडा निराळा ठेवला. पट्टीतून तरंग वाहू लागला की त्या वारंवारतेशी सूर जुळणारे आकार निनादतात आणि तरंगाचा थोडा अंश बाहेर सोडतात. वारंवारता किंचित बदलली की दुसरे आकार निनादतात आणि समोरच्या जागेवर पडणारा तरंगांचा पट बदलतो. सामान्य अँटेना घडविणारा अभियंता एकच रेखीव झोत मिळावा म्हणून जिवाचे रान करतो. येथे उलट वेडावाकडा, दरवेळी निराळा पट हवा असतो, कारण प्रत्येक पट म्हणजे पोत्यांचा एक नवा गट. झोत फिरविण्यासाठी हलणारे भाग नाहीत, भिंग नाही, महागड्या घटकांची रांग नाही. १८ ते २६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात नुसती वारंवारता बदलत या अँटेनाने समोरच्या थोड्या वस्तूंचे अंतर व दिशा दाखविणारी दहा चित्रे सेकंदाला तयार केली, आणि त्यासाठी लागलेली मोजमापे नेहमीच्या तुलनेत चाळिसांस एक इतकीच होती.

विज्ञानातील इतकी सुबक काटकसर क्वचित पाहावयास मिळते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तथापि प्रयोगशाळेतील ही पट्टी उद्या तिरोड्यावरून फिरू लागेल अशा भ्रमात राहू नये. निसारचा अँटेना या जातीचा नाही. प्रयोगातील तरंग दीड सेंटिमीटराच्या आसपासचे होते, आणि २२ गिगाहर्ट्झच्या जवळ हवेतील बाष्पच तरंग शोषून घेते; श्रावणातल्या आकाशातून खाली पाहण्यास ही खिडकी मुळीच सोयीची नाही. निसारच्या २४ सेंटिमीटरांच्या तरंगासाठी तीच रचना करायची तर ती सोळापट मोठी होते. शिवाय पोत्यांची यादी अचूक लागते, हे वर आलेच आहे. अँटेनाचा प्रत्येक पट कसा आहे हे आधी काटेकोर मोजून ठेवावे लागते. उन्हाने वा थंडीने पट्टी किंचित जरी बदलली तरी यादी आणि वास्तव यांची फारकत होते. ज्या कामांत अंतर थोडे, वस्तू मोजक्या आणि यंत्र स्वस्त हवे, तेथे या अँटेनाची उपयुक्तता आधी सिद्ध होईल, हे उघड आहे.

एक गुंठा, एक ठिपका

परंतु अँटेना कोणताही असो, मोजक्या मापांतून चित्र जुळविणाऱ्या प्रत्येक यंत्रणेस एक प्रश्न विचारावाच लागतो: तिने काय गृहीत धरले आहे? येथे पुन्हा सात पोत्यांकडे येऊ. समजा, पहिले आणि दुसरे अशी दोन पोती प्रत्येकी एक किलोने कमी आहेत. पहिला तोल पूर्ण भरेल. दुसऱ्यात एक किलोची तूट येईल आणि तिसऱ्यातही एक किलोची. बेरीज दोन अधिक एक, म्हणजे तीन. हिशेब ठामपणे सांगेल की तिसरे पोते कमी आहे. तिसऱ्या पोत्यात मात्र ४० किलो पूर्ण भरलेले आहेत! काट्यात दोष नाही, तोलणाऱ्याने लबाडी केली नाही, बेरीजही बरोबर आहे. ‘फार तर एक’ हे गृहीत खोटे होते, एवढेच. आणि चुकीचे उत्तर अंधूक वा संशयास्पद दिसत नाही. ते खऱ्या उत्तराइतकेच स्वच्छ दिसते.

शिवाराच्या चित्राला लागू पडणारे गृहीत कोणते? वरून पाहता शिवार म्हणजे धुऱ्यांचे जाळे. बांधीच्या आत सारे एकसारखे, बदल होतो तो धुऱ्यावर. त्यामुळे मोठमोठ्या शेतांच्या प्रदेशात चित्र थोड्या मोजमापांत बसते. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. रडार-चित्राचा एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद धरला तर त्याचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा होते. चार गुंठ्यांच्या चौरस बांधीच्या वाट्याला चार ठिपके येतात आणि चारही ठिपके धुऱ्याला लागून असतात. ‘आतला एकसारखा भाग’ असा उरतच नाही. शिवाय रडारच्या चित्रात मूळचीच कणीदार खरखर असते, ती घालविण्यासाठी शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढावी लागते, आणि त्या सरासरीत चार गुंठ्यांचा धनी शेजाऱ्याच्या पिकात मिसळून जातो. चित्र जितके गुळगुळीत, तितका हा धोका अधिक.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला महापूर या भागातील लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी पिकावर पाणी चढले की चित्रात तो भाग काळा होतो आणि पुराची हद्द रडारने फार चांगली कळते. बुडालेल्या गावांची यादी करण्यास याहून शीघ्र साधन नाही. पण पाणी दोन दिवसांत उतरले आणि उपग्रह पुढच्या पाळीला आला, तर चित्रात पुन्हा पीक दिसेल. ते सडलेले आहे की तगलेले, हा निवाडा त्या एका चित्रावर सोडता येणार नाही. चित्रावर दिनांक व वेळ कोणती आहे, ठिपका किती मीटरांचा आहे, आवत्या क्षेत्राचा विचार केला आहे काय, आणि प्रत्यक्ष पाहणीचे किती ठिकाण त्याच्याशी ताडून पाहिले आहेत, हे चार प्रश्न ग्रामपंचायत सदस्याने वा कृषी सहायकाने विचारले तर त्यात तंत्रज्ञानाचा अनादर नाही. ते काम जाणणारा शास्त्रज्ञ स्वतःही हेच प्रश्न विचारतो. पीक कापणी प्रयोगांना म्हणूनच महत्त्व आहे.

पोत्यांच्या उदाहरणातही असा ताळा घेता येतो. तीन तोल झाल्यावर चौथा तोल सातही पोत्यांचा एकत्र घ्यावा. तिसरे पोते खरोखरच एक किलोने कमी असते तर एकूण तूट एक किलो आली असती. प्रत्यक्षात ती दोन किलो येते आणि गृहीत उघडे पडते. सात तोलांऐवजी चार झाले, तरी तीन वाचलेच.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना हा प्रयोग एका तासिकेत करता येईल. सात रिकाम्या काडेपेट्या घ्याव्यात, प्रत्येकीत सारख्या वजनाची कोरडी वाळू भरावी आणि प्रयोगशाळेतील तराजू मेजावर ठेवावा. एका विद्यार्थ्याने इतरांच्या नकळत एका पेटीतून चिमूटभर वाळू काढावी. वर्गाने तीन तोलांत ती पेटी ओळखावी. दोन-तीन वेळा उत्तर बरोबर आले की वर्गाचा आत्मविश्वास वाढतो. मग त्या विद्यार्थ्यास हळूच सांगावे की या खेपेस पहिल्या आणि दुसऱ्या पेटीतून सारखीच वाळू काढ. वर्ग एकमुखाने तिसरी पेटी दाखवील. ती पेटी एकटी तराजूत ठेवून पाहण्याचे काम मागच्या बाकावरील मुलाकडे द्यावे.